सात फायली, सहा थांबे : एका श्राव्य नाटकाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. नवी वही काढली. जुन्या वहीत एकांकिकेचे संवाद पुढून, टाचण मागून आणि टॅबलेटचे पासवर्ड मधल्या पानावर, असा कालवा झालाय. यंदा तिन्हींचं एकच काम आहे, तेव्हा वहीही एकच.

काम असं. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली लिहिलेलं 'तृतीय रत्न' हे नाटक सहावी-सातवीच्या मुलांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचं आणि शाळेतल्या सहा टॅबलेटांवर इंटरनेटशिवाय ऐकता येईल असं बसवायचं. तारीख ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. साडेसात आठवडे हातात. त्यातून निवडणुकीची ड्यूटी, पुसेगावची यात्रा आणि प्रथम सत्राचे राहिलेले तक्ते वजा.

हेच नाटक का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, म्हणजे आमचाच खटाव तालुका. सावित्रीबाईंचं नायगाव जिल्ह्यातलंच. तरी दर ३ जानेवारीला आमच्याकडे तेच दहा ओळींचं भाषण होतं. भाषण बदलत नाही, बोलणारं मूल तेवढं बदलतं. सर हसले. परवानगी मिळाली असं धरून चाललो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

संहिता परत वाचली. गोष्ट अगदी साधी. गरोदर कुणबिणीला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि नवराबायकोला खर्चात बुडवतो. पुढे पाद्री भेटतो, वाद होतो, आणि शेवटी दोघं फुल्यांच्या रात्रशाळेत शिकायला जायचं ठरवतात. जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली १८४८ला, मोठ्यांसाठी रात्रीची शाळा १८५५ला, आणि नाटकही त्याच साली. म्हणजे मास्तरानं सकाळी शिकवलं, रात्री शिकवलं आणि मधल्या वेळात नाटक लिहिलं. आमच्या धंद्याचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

पण मला खरा धरून ठेवतो तो विदूषक. तो गोष्टीत नाही आणि गोष्टीबाहेरही नाही. पात्रांचं बोलणं झालं की मध्येच येतो आणि आत्ता काय घडलं ते उलटं करून दाखवतो. एकांकिका लिहायला लागलो तेव्हा अशा पात्राला आम्ही नाकं मुरडायचो. स्पर्धेचे परीक्षक म्हणतील, निवेदकानं नाटक ओढलंय. आता अठ्ठावीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर कळतं की तो निवेदक नाही, तो मास्तर आहे. धडा कुठं थांबवायचा हे त्याला कळतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

२०२०च्या टाळेबंदीतली गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण या कामाचं मूळ तिथं आहे.

शाळा बंद होती तेव्हा मी तीन-तीन मिनिटांची नाटुकली एकट्यानं आवाज बदलून मुद्रित करायचो आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचो. चाळीसेक झाली. अंगठे भरपूर आले. पुढं एका आईनं सांगितलं, फोन त्याच्या वडिलांबरोबर कामावर जातो, पोरं रात्री झोपताना ऐकतात. छान वाटलं. मग शाळा उघडल्यावर मी वर्गात विचारलं, त्या कोल्ह्याच्या गोष्टीत म्हातारी खोटं का बोलली? सगळ्यांना गोष्ट पाठ. म्हातारीबद्दल कुणी विचारच केलेला नव्हता. मी प्रश्न विचारला होता, पण त्याच्या पुढच्याच सेकंदाला उत्तरही मीच बोलून टाकलं होतं. नाटकात हे कधी केलं नसतं. रंगमंचावर पॉज घेताना हात थरथरतो, पण घेतो. माइकपुढं बसलो आणि शांततेचीच भीती वाटली.

लहानपणी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर बालचित्रवाणीचे कार्यक्रम बघायचो. पुण्याची ती संस्था १९८४ला निघाली, २०१७ला बंद पडली. बंद पडल्याचं वाईट वाटलं. पण तो टीव्हीही आमच्याशी बोलायचा, आमचं ऐकायचा नाही. मधे उठून बडबडणाऱ्या पोराला शिपाईकाका टपली मारायचे.

तेव्हा ठरलं: या मुद्रणात थांबे असतील. सात फायली, मध्ये सहा थांबे. प्रत्येक थांब्याला विदूषक एक प्रश्न टाकेल आणि गप्प बसेल. पुढची फाईल मुलांनी आपल्या हातानं लावायची.

२१ नोव्हेंबर

काल मतदान. केंद्रावरून साहित्य जमा करून घरी यायला रात्रीचे दोन. आज झोप.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. आवाज चाचणी. विदूषकासाठी सातवीतली एक मुलगी निघाली. वाचताना अडखळते, पण अडखळली की समोरच्याकडं बघते. बाकीचे पुस्तकाकडं बघतात. तिलाच घेतली. जोश्यासाठी सहावीतला किनऱ्या आवाजाचा मुलगा. सगळे जाड आवाजात दरडावत होते, हा एकटाच गोड बोलला. भीती घालणारा माणूस गोडच बोलतो, हे याला कुणी शिकवलं कोण जाणे.

अकरापासून मुद्रण करायचं ठरवलं होतं. आज मतमोजणी आहे हे मी आणि मुख्याध्यापक, दोघंही विसरलो. साडेअकराला पहिला फटाका, मग डॉल्बी. माइक गुंडाळून ठेवला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

वर्गात मुद्रण होत नाही. वर पत्रा, खाली फरशी, भिंती कोऱ्या. टाळी वाजवली की आवाज दोनदा परत येतो. गोधड्या टांगून बघितल्या, फरक पडला पण थोडा. मग पोषण आहाराची खोली आठवली. तांदळाची पोती तीन भिंतींना छातीएवढी रचलेली, चौथीकडं लाकडी कपाट. टाळी वाजवली, आवाज तिथल्या तिथं मेला. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत भिंतींना फोम लावतात, आमच्याकडं तांदूळ.

स्वयंपाकीण ताईंशी करार झाला: खिचडी वाटून झाली की खोली आमची, तीन ते सव्वाचार. उंदीर निघाला तर ओरडायचं नाही.

कॉलर माइक शर्टाला लावला तर पोरं हलतात आणि कापड घासतं. म्हणून तो फुटपट्टीला चिकटवला, फुटपट्टी दोन पोत्यांच्या फटीत खोचली, तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला. समोर ठेवला की 'प' आणि 'फ' फुटतात. 'फुले' हा शब्द तर बंदुकीसारखा वाजत होता.

दर मुद्रणाच्या आधी पाच सेकंद सगळ्यांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा. ऑडॅसिटी या आवाज साफ करायच्या प्रोग्रॅमला नुसत्या खोलीचा आवाज ऐकवावा लागतो, तेव्हा तो बाकीच्यातून तेवढाच वजा करतो. मुलांनी त्याला नाव ठेवलंय 'तांदळाचा आवाज'. वजाबाकी फार ताणली की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा येतो. म्हणून थोडी घरघर राहू दिली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

जोतीरावांची पुण्यतिथी. परिपाठाला भाषणाऐवजी मी फक्त एक हकिगत सांगितली. हे नाटक त्यांनी पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडं पाठवलं होतं. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढं काही चाललं नाही आणि ते नाकारलं गेलं. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी हे नोंदवून ठेवलंय. नाटक त्यांच्या हयातीत छापलंच गेलं नाही. ते उजेडात आलं १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकातून.

सहावीतल्या एकानं हात वर केला. "सर, मग एवढी वर्षं ती वही कुठं होती?"

मला उत्तर आलं नाही. हा प्रश्न पहिल्या फायलीच्या आधी घ्यावा का?

(मी स्वतः स्पर्धेला एकांकिका उतरवताना परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी वैतागायचो. तीन प्रती, अर्ज, वाट बघणं. सव्वाशे वर्षांच्या मानानं ते काहीच नाही.)

३ डिसेंबर, मंगळवार

भाषेचा तिढा. १८५५ची वाक्यं लांबलचक, मुलांचा श्वास पुरत नाही. बदलायची नाहीत असं मी पहिल्या दिवशी ठरवलंय. कापू, पण फुल्यांच्या तोंडी आमचे शब्द घालणार नाही. मग कुणबी बोलतो ते पुस्तकी वाटायला लागलं. शेवटी नियम केला: शब्द त्यांचे, हेल आपला. कुणबिणीचं काम करणारी मुलगी लगेच सुटली. तिच्या आजीच्या हेलात तीच वाक्यं चुलीजवळ बसून बोलल्यासारखी यायला लागली.

केंद्रप्रमुखांनी भेटीत एक तुकडा ऐकला. "प्रमाण भाषेत करा की, बाहेर दाखवायचंय." म्हटलं, विदूषक प्रमाण बोलतो, साहेब. ते चहा प्यायले आणि गेले. विदूषक प्रमाण बोलत नाही.

आमचे म्हणून जे शब्द आहेत ते ओळखू यावेत यासाठी घंटा ठेवली. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा आहे, तोच पोत्यांच्या खोलीत टांगून वाजवला. घंटेच्या आधीचं फुल्यांचं, घंटेनंतरचं आमचं.

५ डिसेंबर, गुरुवार

शिक्षकांच्या खोलीत आज बरंच बोलणं झालं. सहकारी बाईंचं म्हणणं, जोशी आणि पाद्री ही दोन्ही पात्रं आजच्या दिवसात जपून. एकानं कुणी दुखावेल, दुसऱ्यानं कुणी भडकेल. पाद्र्याला काढून टाका, गोष्ट तशीही उभी राहते. बाई काही उगीच घाबरणाऱ्यातल्या नाहीत. सव्वीस वर्षं या गावात काढलीत, कुणाचा फोन कधी येतो त्यांना ठाऊक.

मी पाद्र्याचं काम कमी केलं, काढलं नाही. काढला असता तर नाटक दुसरंच झालं असतं आणि वर नाव मात्र फुल्यांचं राहिलं असतं.

जोश्याबद्दल मात्र वर्गातच बोलायचं ठरवलं. विचारलं, याचं हत्यार काय? जात, असं एक उत्तर आलं. पंचांग, असं दुसरं. मग विदूषकवाली म्हणाली, "त्याला वाचता येतं आणि हिला येत नाही, हेच." फळ्यावर लिहिलं. मग विचारलं, आज असं कोण करतं? पाच मिनिटांत फळा भरला. पार्सलात गांजा सापडलाय म्हणून फोनवर दम देणारा नकली पोलीस, ओटीपी मागणारा, बाळ होण्याचं औषध विकणारा, कर्ज देतो म्हणून फोटो घेणारं ॲप. एकाच्या मामाचे अठरा हजार गेलेत, त्यानं ते सांगितलं आणि लगेच म्हणाला, "सर, हे मुद्रित करू नका."

हे सगळं मूळ नाटकात मिसळायचा मोह झाला. जोशी व्हिडिओ कॉल करतो, टाळ्या हमखास. लिहिलंही दीड पान. फाडलं. थांब्यात मुलं ते स्वतः आणतील, मी आयतं का द्यायचं?

९ डिसेंबर, सोमवार

यंत्राकडं वळलो. रास्पबेरी पाय ४ आणि त्यावर कोलिब्री, म्हणजे इंटरनेटशिवाय धडे दाखवणारा प्रोग्रॅम. पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, तोच आपलं वाय-फाय सोडतो, टॅबलेट त्याला जोडायचे. पाय सारखा बंद पडत होता. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर चालवत होतो, त्याला ३ अँपिअरचा लागतो. बदलला, गप्प झाला.

थांब्यांसाठी एचफाइव्हपी या प्रश्न घालायच्या साधनात फाईल बांधली. आवाज थांबतो, प्रश्न येतो, चार पर्याय, बरोबरला हिरवी खूण. दिसायला एकदम झकास.

११ डिसेंबर, बुधवार

झकास नाही.

सहा टॅबलेट, सहा गट. पहिल्या थांब्याला प्रश्न आला, 'कुणबिणीनं जोश्यावर विश्वास का ठेवला?' गटातल्या चलाख मुलानं पर्याय दाबला, लाल. दुसरा दाबला, लाल. तिसरा हिरवा. पुढे. आठ सेकंद. बाकीच्या चौघांनी तोंडसुद्धा उघडलं नाही. टाळेबंदीत जे माझ्याकडून झालं तेच यंत्रानं जास्त सफाईनं केलं.

पर्याय काढून टाकले. त्याच्या जागी उत्तर बोलून मुद्रित करायची सोय लावली, एचफाइव्हपीत आहे ती. माझ्या लॅपटॉपवर चालली, टॅबलेटवर माइकच उघडेना. दोन संध्याकाळी घालवल्या. कारण असं निघालं की ब्राउझर सुरक्षित पत्त्यावरच माइक देतो, आणि आमच्या पायचा पत्ता साधा. त्याला प्रमाणपत्र लावून देता येतं, पण मग टॅबलेट दर वेळी 'ही जागा धोक्याची आहे' असं दाखवणार. ग्रहांची भीती घालणाऱ्याचं नाटक, आणि दारातच लाल पाटी!

१३ डिसेंबर, शुक्रवार

एचफाइव्हपी सोडलं. कोलिब्रीही सोडलं या कामापुरतं. सात साध्या एमपीथ्री, मोनो, ६४ केबीपीएस. बोलण्याला तेवढं पुरतं. मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा होत नाही. सव्वीस मिनिटांचं अख्खं नाटक साडेबारा एमबी, लग्नाच्या एका व्हिडिओपेक्षा कमी.

फायली उघडायला पुठ्ठ्याची सात पत्ती, प्रत्येकावर क्यूआर. क्यूआर आता पोरांना नवा नाही, पाठ्यपुस्तकात असतोच. आपल्याच राज्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी तो पुस्तकांत आणला आणि २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं. आमची कथा छोटी. टॅबलेटचे कॅमेरे भुरकट, बारीक चौकटी त्यांना दिसत नाहीत. फायलीचा वेब-पत्ता फक्त १८ अक्षरांचा असूनही चौकोन २५ बाय २५ येत होता. मग सगळी अक्षरं कॅपिटल करून बघितली. क्यूआरमध्ये कॅपिटल अक्षरं आणि आकडे कमी जागेत मावतात. चौकोन २१ बाय २१वर आला, साधा क्यूआर त्याहून लहान नसतोच. भोवती चार चौकटींएवढी पांढरी पट्टी सोडली, ती नसेल तर वाचत नाही. आता भुरकट कॅमेऱ्यालाही पटकन लागतो.

हे मी मुख्याध्यापकांना दहा मिनिटं समजावलं. ते म्हणाले, "छान. पत्तीला लॅमिनेशन करा."

१८ डिसेंबर

टॅबलेट आपणहून वाय-फाय सोडतात, 'इंटरनेट नाही' म्हणून. 'तरीही जोडून राहा' दर वेळी दाबावं लागतं. मुलांना पाठ झालंय. पुढं.

२४ डिसेंबर, मंगळवार

यात्रेमुळं पट निम्मा. विदूषकवाली आलीय. तिच्याबरोबर सहाही थांब्यांचे प्रश्न एकदाचे मुद्रित केले. पाचव्या प्रश्नाला ती अडली. मी लिहिलं होतं: 'शिक्षण मिळालं असतं तर या दोघांची फसवणूक टळली असती का?' ती म्हणाली, "सर, याचं उत्तर हो असंच यायला पाहिजे ना तुम्हाला?" मग तिनंच दुसरा केला: 'शिकलेला कुणी फसलेला तुम्हाला ठाऊक आहे का?'

तीस वर्षं संवाद लिहितोय मी.

३१ डिसेंबर, मंगळवार

रंगीत तालीम. ३ तारखेचा आराखडा: पटांगणात बसकर टाकायचं, टॅबलेटचा आवाज स्पीकरवर. मुलं रंगमंचावर नाहीत, प्रेक्षकांत पांगून बसलेली. फक्त विदूषक उभा, हातात टॅबलेट. थांबा आला की ती लोकांत फिरणार, पुरेसं झालं असं वाटलं की पुढची फाईल लावणार. मी बाजूला, जास्त लांबलं तर हात वर करणार.

चौथ्या फायलीत अजून कुकरची शिट्टी ऐकू येते. तीन सेकंद. राहू दे.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

रात्री लिहितोय.

माणसं शंभरच्या आसपास. बायका जास्त, कारण हळदीकुंकू याच वेळेला ठेवलं होतं, ही बाईंची युक्ती. पहिले दोन थांबे माझ्या मनासारखे झाले नाहीत. सरपंच बोलले, मग उपसरपंच बोलले, म्हणजे भाषणंच. पाद्र्याच्या प्रवेशाला कुणी उठून गेलं नाही. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी बाईंकडं.

चौथा थांबा. घंटा. 'अशी भीती तुम्हाला कुणी घातली होती का?' कुणी बोलेना. विदूषकवाली पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्या आजींपुढं जाऊन बसली. उकिडवी. आजींनी पदर तोंडाला लावला, खाली बघत राहिल्या. अर्धं मिनिट झालं असेल. नाटकात अर्धं मिनिट म्हणजे फार. मागं पोरं चुळबुळायला लागली. मी हात वर केला. तिनं बघितलं, मला खात्री आहे बघितलं, आणि मान वळवली. मी परत हात वर केला. मुख्याध्यापकांनीही केला.

आजी म्हणाल्या, "घातली व्हती. थोरल्याच्या येळंला. काय काय दिलं त्याचा हिशेब कुणाला सांगितला न्हाय मी."

एवढंच. पोरीनं पुढं काही विचारलं नाही. जागेवर आली, पत्ती टॅबलेटपुढं धरली, पाचवी फाईल सुरू झाली.

सव्वीस मिनिटांचं नाटक एक तास वीस मिनिटं चाललं. नंतर मी तिला म्हटलं, मी हात केला होता. "दिसला सर. पर त्या बोलणार हुत्या."

६ जानेवारी, सोमवार

आवराआवर. तिसऱ्या फायलीची सुरुवात परत कापायची. पत्ती क्रमांक २ हरवली, नवी छापायची. फुटपट्टी वर्गात परत दिली, तिच्यावरचा डिंक निघत नाही. पायचं मेमरी कार्ड दुसऱ्यावर उतरवून ठेवलं.

विदूषकवालीची आई येऊन गेली. पोरगी घरी प्रत्येक गोष्टीला 'पण तुम्हाला काय वाटतं' विचारते, म्हणे. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या केंद्रातल्या दोन शाळांनी फायली मागितल्या. पेन ड्राइव्हवर दिल्या, पत्ती झेरॉक्स करून दिली. संध्याकाळी त्यातल्या एका सरांचा फोन. आवाज छान आलाय, मुलं गोड बोललीत. फक्त ते थांबे काढून एक सलग फाईल करून द्याल का, तासिकेत बसत नाही.

बघतो म्हटलं. अजून केलेली नाही.